वेगळ्या दोरीवरचा टॉवेल

आमच्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची एकच दोरी होती, शेवग्याच्या झाडापासून मोरीच्या भिंतीपर्यंत. आठ माणसांचे कपडे तिच्यावर दाटीवाटीनं वाळायचे. २००१ च्या दिवाळीनंतर वडिलांनी दुसरी दोरी बांधली. आखूडशी, नळाच्या पायपापासून खिडकीच्या गजापर्यंत. तिच्यावर फक्त काकाची लुंगी, बनियन आणि टॉवेल.

काका टॉवेलच विणायचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात यंत्रमागावर होता, बहुतेक रात्रपाळीला. सकाळी घरी यायचा तेव्हा केसांत, भुवयांत, मिशीत कापसाचे तंतू अडकलेले असायचे आणि आम्ही पोरं "म्हातारा आला, म्हातारा आला" म्हणून त्याच्या भोवती नाचायचो. विणीत काही खोट राहिली की तो नग कामगारांना स्वस्तात मिळायचा. आमच्या घरातले सगळे टॉवेल तसेच आलेले. एखाद्याची कड वाकडी, एखाद्याच्या फुलाला पाकळी कमी. कुठल्या टॉवेलात काय चुकलं आणि का, हे तो बोट ठेवून दाखवायचा. सोलापुरात चादरी-टॉवेलवर जगणाऱ्या हजारो घरांतलं आमचं एक.

त्याच माणसाचा टॉवेल घरात कुणाच्या टॉवेलला लागू नये म्हणून ती दोरी होती.

मी तेव्हा अकरावीला होते. घरात कुणी काही सांगितलं नाही. आजाराला नावच नव्हतं, "तसलं" एवढाच शब्द होता. आई स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणायची, "त्यांना तसलं झालंय." मला नाव कळलं ते एका खासगी दवाखान्यात. काकाला डबा द्यायला गेले होते. त्याच्या खाटेला लावलेल्या फायलीवर लाल शाईनं, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात, एचआयव्ही हे तीन इंग्रजी अक्षरांचं नाव आणि पुढं अधिकचं चिन्ह. डॉक्टर दारात उभे राहून औषधं सांगत होते. फरशी पुसणारी बाई त्या खाटेखालची फरशी तशीच सोडून पुढं गेली. काकानं डबा घेतला, आणि मी जवळ बसू नये म्हणून स्वतःच म्हणाला, "जा गं, क्लासला उशीर होईल." त्या दिवशी रविवार होता.

आता मी विज्ञान शिकवते, म्हणून ठामपणे सांगू शकते की ती दोरी बांधायची काहीच गरज नव्हती. हा विषाणू शरीराबाहेर वाढत नाही. उन्हात वाळलेल्या टॉवेलवर तर त्याला काही गतीच नाही. एका ताटात जेवून, एकच संडास वापरून, मिठी मारून, खोकल्यानं, डास चावून तो पसरत नाही. तो जातो निरोधाशिवाय आलेल्या शरीरसंबंधातून, लागण झालेल्या रक्तातून, दुसऱ्याची वापरलेली सुई टोचून, आणि आईकडून बाळाला. झालं, एवढेच मार्ग. हे वर्गात सांगायला मला पाच मिनिटं पुरतात. तेवढं कुणी २००१ साली आमच्या घरी येऊन सांगितलं असतं तर वडिलांनी दोरी सोडली असती, याची मला खात्री आहे. धाकट्या भावावर त्यांचा जीव होता. दोरी बांधताना त्यांची गाठ दोनदा सुटली, हे मी खिडकीतून पाहिलंय.

पण माहितीनं न सुटणारी एक गोष्ट त्या घरात होती, आणि मला खरं तर तिच्याबद्दल लिहायचंय. ती म्हणजे "कुठून आलं?" हा प्रश्न.

काकाला बरं कसं करायचं यावर घरात जेवढं बोलणं झालं, त्याच्या दसपट बोलणं त्याला हे कुठून लागलं यावर झालं. दोन तट पडले. आजीचा तट रक्ताच्या बाटलीचा. १९९४ साली काकाला सायकलवर ट्रकनं उडवलं होतं, तेव्हा एक बाटली रक्त चढवलं होतं. आजी म्हणायची, त्यातनंच आलं. आजीचं म्हणणं अगदीच अशक्य नव्हतं. रक्तपेढ्यांत एचआयव्हीची तपासणी १९८९ पासून सक्तीची झाली होती, पण पैशासाठी रक्त विकणाऱ्यांवर बंदी आली ती सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून. शिवाय नुकतीच लागण झालेल्या माणसाचं रक्त तपासणीत काही आठवडे निर्दोष दिसू शकतं. दुसरा तट भिवंडीचा. सोलापुरातला कारखाना बंद पडला म्हणून १९९६ ते १९९८ अशी दोन वर्षं काका भिवंडीला मागावर होता. एकटा. बास, एवढ्यावर माणसं भुवया उंचावून एकमेकांकडं बघायची. आमच्या एका नातेवाइकांनी तर वकिलासारखा हिशेब मांडला होता: काकाचा पोरगा ९६ चा, त्याची तपासणी निगेटिव्ह, म्हणजे त्याआधी काही नव्हतं, म्हणजे भिवंडीच. तो हिशेबही चुकीचाच होता. आईला लागण असली आणि कसलेच उपचार नसले तरी शंभरातल्या १५ ते ४५ मुलांना ती होते, म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं सुटतात. मुलाच्या रिपोर्टवरून बापाचं काहीच सिद्ध होत नाही.

पुष्कळ वर्षांनी माझ्या लक्षात आलं की कोण कुठल्या तटात हे पुराव्यावर ठरत नव्हतं. ज्याचा काकावर जीव होता तो रक्ताच्या बाटलीकडं, ज्याला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं तो भिवंडीकडं. आणि दोन्ही तटांना एक गोष्ट मान्य होती: रक्तानं आलं असेल तर त्याच्याजवळ बसायचं, भिवंडीनं आलं असेल तर बसायचं नाही.

काका काहीच बोलला नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. २००२ च्या फेब्रुवारीत गेला. टीबीनं गेला, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं. एचआयव्हीनं प्रतिकारशक्ती खाल्ली की सगळ्यात जास्त वेळा टीबीच माणसाला नेतो. पण पूर्ण खरंही नव्हतं, आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं. खांद्याला माणसं कमी पडली. शेजारच्या तेलुगू घरातले अण्णा पुढं झाले, चपला काढून त्यांनी खांदा दिला आणि परत जाऊन दारात आंघोळ न करता आमच्याच ओट्यावर बसले. त्यांनी कधीच काही विचारलं नाही. ते आता नाहीत, पण त्यांच्या घरावरून जाताना माझा हात आपोआप जोडला जातो.

एक गोष्ट वाचून मला रडू आलं होतं. काका अंथरुणाला खिळला त्याच वर्षी, २००१ च्या फेब्रुवारीत, मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला डॉलरहून कमी किमतीत, देऊ केला होता. आफ्रिकेतल्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेला. तोवर श्रीमंत देशांत त्याच उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर पडत. औषध होतं, आपल्याच देशात बनत होतं. पण दिवसाला एक डॉलरही मागावरच्या माणसाच्या आवाक्याबाहेरचा, आणि असं काही औषध असतं हे आमच्यापर्यंत आलंच नव्हतं. सरकारी मोफत औषध १ एप्रिल २००४ ला देशातल्या मोजक्या केंद्रांत सुरू झालं. काकाच्या मागून दोन वर्षं आणि दीड महिन्यानं.

काकूची तपासणी सिव्हिलमध्ये झाली. पॉझिटिव्ह. चुलतभाऊ सहा वर्षांचा होता, तो सुटला.

तेराव्यानंतर घरात बैठक बसली. काकूला मोहोळला माहेरी धाडायचं ठरत होतं. आज असं करता येत नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, अशा बाईचा राहत्या घरात राहायचा हक्क लिहून ठेवलाय. तिला हुसकता येत नाही, घरातल्या सोयी वापरण्यापासून अडवता येत नाही. त्याच कायद्यानं संमतीशिवाय तपासणी करायला आणि कुणाचा रिपोर्ट चव्हाट्यावर मांडायलाही मनाई केली. ती लाल शाई आता कायद्याविरुद्ध ठरते. पण २००२ साली आमच्या घरात कायदा म्हणजे आजी. आजी म्हणाली, "ती कुटं बी जाणार न्हाई. तिचा काय दोष?"

त्या एका वाक्यावर काकू राहिली. मी आजीची ऋणी आहे. तरी ते वाक्य मला वर्षानुवर्षं टोचत राहिलं, आणि का टोचतं ते काकूनंच एकदा सांगितलं.

ते नंतर. मधली वीस वर्षं काकूनं टॉवेलच्या कडा शिवून काढली. घरी मशीन, कारखान्यातून गठ्ठा यायचा, शिवून परत जायचा, नगावर पैसे. काही वर्षांनी सिव्हिलमध्ये एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराची, सोय झाली आणि तिच्या गोळ्या सुरू झाल्या. तेव्हा रक्तातल्या सीडी फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी ठरावीक आकड्याखाली उतरल्याशिवाय औषध सुरू करत नसत. २०१७ पासून रिपोर्ट आला की लगेच सुरू करतात. पहिल्या गोळ्यांनी तिला वाचवलं, पण त्यातल्या एका औषधानं गाल आत गेले. चेहऱ्यावरची चरबीच झडायची त्यानं. पुढं सरकारनं ते औषध बंद केलं. मधल्या काळात मात्र काकू आरशाला फडकं लावून ठेवायची, कारण ते गाल ओळखणारे लोक गावात होते.

महिन्याच्या महिन्याला सिव्हिलची खेप. ओढणीनं तोंड बांधून. एकदा मला म्हणाली, "उन्हाळ्यात बरं असतंय बघ. सगळं सोलापूर तोंड बांधून फिरतंय. जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरलेली असती, थंडी असती, तवा मी एकटीच तोंड बांधलेली. लोकं वळून बघत्यात." तिथल्या बाकावर ओळखीची माणसं भेटायची. दोघंही एकमेकांना न ओळखल्यासारखं करायची, आणि बाहेर नव्या पेठेत भेटली की नेहमीसारखं "काय, बरंय का" म्हणायची. काही जण तर इथल्या गोळ्या सोडून मुद्दाम दुसऱ्या जिल्ह्यात जातात. भाड्याला पैसे नसले की खेप चुकते, खेप चुकली की गोळी चुकते, आणि गोळ्या चुकत राहिल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो.

गोळ्यांची बाटली ती शेंगदाण्याच्या डब्यात ठेवायची, वरचा कागद खरवडून. बाटली हलली की आत गोळ्या खुळखुळतात, म्हणून आत कापूस कोंबलेला. मागाच्या घरात कापसाला काय तोटा.

मला सगळ्यात हलवून गेली ती आमच्या शाळेतली गोष्ट. १ डिसेंबर, जागतिक एड्स दिन. दरवर्षी भाषणं होतात, लाल फिती लावतात, मी फळ्यावर १०९७ हा मोफत मदतीचा नंबर लिहून ठेवते. नववीतल्या एका मुलीनं फार सुंदर भाषण केलं. म्हणाली, या रोगात किती निष्पाप बायका आणि निष्पाप बालकं भरडली जातात. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. संध्याकाळी कौतुकानं काकूला सांगितलं. ती कड शिवत होती. मशीन थांबवलं.

"मग पापी कोण?" ती म्हणाली. "मी निष्पाप, माझं पोरगं निष्पाप. म्हंजे तुझे काका कोण?"

मला उत्तर सुचलं नाही.

"वीस वर्षं हेच ऐकतीय. बिचारी, हिचा काय दोष. मला घरात ठेवलं ते ह्याच्यावर. पर मी बिचारी व्हायचं तर त्यांना नीच म्हणायला पायजे. लोकं माझ्यासमोर त्यांना शिव्या द्यायची आणि मी गप बसायची, कारण मी बोलले असते तर मला बी त्यांच्यातच घातलं असतं. माझ्या नवऱ्यासाठी मला नीट रडता बी आलं न्हाई."

मशीन परत सुरू झालं.

त्या रात्रीपासून मी "निष्पाप" हा शब्द या विषयात वापरायचा सोडला. दया वाटते म्हणून आपण तो वापरतो, पण त्या एका शब्दानं आपण बाकीच्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. पंढरपूरला मंगलताई शहा यांनी उभी केलेली "पालवी" आहे, एचआयव्हीसह जगणाऱ्या, घरच्यांनी नाकारलेल्या मुलांचं घर. आमच्या ओळखीतली कितीतरी माणसं वाढदिवसाला तिथं जेवण देतात, आणि ते मनापासून चांगलं आहे. पण त्याच माणसांच्या गल्लीत अशा मुलाचा बाप खाटेवर असेल तर किती जण डबा नेतील? मूल ज्या आजारासाठी मायेचं, बाप त्याच आजारासाठी लाजेचा.

याची मुळं जुनी आहेत. भारतात हा विषाणू पहिल्यांदा सापडला १९८६ साली, तेव्हाच्या मद्रासमध्ये. सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीनं, डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली, देहविक्रीत अडकलेल्या बायकांचे रक्तनमुने गोळा केले होते. त्यातले सहा पॉझिटिव्ह निघाले. त्या दोघींचं काम फार मोठं. त्यांच्यामुळं देश वेळेत जागा झाला. पण लोकांनी त्यातून भलताच अर्थ काढला. जिथं शोधलं तिथं सापडलं, आणि आपण समजलो की ते फक्त तिथंच असतं. तीनच वर्षांनी, १९८९ मध्ये, गोव्यात डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाला रक्तदान केल्यावर लागण असल्याचं निघालं, तर पोलिसांनी धरून नेऊन ६४ दिवस एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात डांबून ठेवलं. स्वतःहून रक्त द्यायला गेलेला माणूस. पुढं भिंतीभिंतींवर कवट्या आणि हाडं काढलेली पोस्टरं आली. भीती बसली, माहिती बसली नाही. २००७ साली शाळांत पौगंडावस्थेचं शिक्षण येऊ घातलं तेव्हा ज्या राज्यांनी ते अडवलं त्यात आपलं महाराष्ट्रही होतं. माझ्या वर्गातली मुलं आजही निरोध हा शब्द आला की बाकाखाली तोंड लपवतात, आणि हसतात. हसू देते. हसून झालं की पुन्हा सांगते.

आणि आता तर सांगायला फार चांगली गोष्ट आहे. २०११ साली एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. नऊ देशांतली १,७६३ जोडपी, एकाला लागण आणि दुसऱ्याला नाही अशी. त्यात पुण्यातलीही होती. लागण झालेल्याला लवकर औषध दिलं तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. पुढच्या अभ्यासांनी आणखी स्पष्ट केलं: रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणूभार, म्हणजे व्हायरल लोड, तपासणीत सापडणार नाही इतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर त्या माणसाकडून शरीरसंबंधातून कुणालाच लागण होत नाही. शून्य. काकूचा विषाणूभार बरीच वर्षं सापडतच नाही. ती आमच्या घरातली तब्येतीला सगळ्यात जपणारी बाई आहे.

दोन वर्षांपूर्वी चुलतभावाचं लग्न ठरत होतं. पोरगी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. बैठकीआधी मोठ्यांनी काकूला बजावलं की काही बोलू नकोस, टीबीनं गेले म्हण. कायद्यानंही तिच्यावर सांगायची सक्ती नव्हती, मुलाला तर काही नव्हतंच. पण चहा झाला, कडक भाकरीच्या ताटल्या फिरल्या, आणि काकू एकदम म्हणाली, "मला एचआयव्ही हाय. ह्याचे वडील बी त्यातच गेले. पोरगं चांगलं हाय, रिपोर्ट बघा."

खोली गार पडली. पोरीच्या वडिलांनी घसा खाकरला. मला कळलं आता काय येणार. "म्हणजे... ते कुठून..."

पोरगी मध्येच बोलली. बापाकडं न बघता, काकूकडं बघून. "मावशी, व्हायरल लोड कधी केला होता शेवटचा?"

"मार्चात."

"किती?"

"सापडलाच न्हाई."

"छान," ती म्हणाली आणि ताटलीतली शेंगाचटणी भाकरीला लावायला लागली. तिचे वडील त्या दिवशी काही न बोलता गेले. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. लग्न अक्षता पडून रीतसर झालं.

हा लेख लिहायच्या आधी मी काकूला विचारलं. ती म्हणाली लिही, नाव घालू नकोस. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "आणि ते कुटनं झालं ते लिहू नकोस."

"ते मला कुठं माहितेय काकू?"

"मला माहितेय. त्यांनी सांगितलं हुतं. शेवटच्या रात्री." तिनं मशीनवरचा टॉवेल घडी घालून गठ्ठ्यावर ठेवला. "लिहू नकोस म्हंजे लिहू नकोस."

मी विचारलं नाही. बाटली की भिवंडी, की तिसरंच काही, ते तिच्याजवळ आहे आणि तिच्याजवळच राहील. तुम्हीही हे वाचताना मघापासून वाट पाहत असाल, तर तिच्या वतीनं तुमची माफी मागते.

साडेनऊला तिच्या मोबाइलचा गजर वाजला. आतून सून पाणी घेऊन आली, तांब्या तिच्याजवळ टेकवून टीव्हीकडं वळली. काकूनं फळीवरची बाटली काढली. कागद शाबूत, शेंगदाण्याचा डबा नाही. झाकण उघडताना बाटली खुळखुळली. आत कापूस नव्हता.